चकतीवर काही चिकटवू नका

मी बोलतोय, डीव्हीडी रायटर. नावावर जाऊ नका, मी कुणी लेखकबिखक नाही. कॉम्प्युटरच्या पोटात बसायचं, ट्रेवर ठेवलेली चकती आत ओढून घ्यायची, उजेडाच्या बारीक टोकाने तिच्यावर लिहायचं आणि ती परत बाहेर सरकवायची, हा माझा उद्योग. हल्लीच्या कॉम्प्युटरमध्ये आम्हाला जागाच ठेवत नाहीत. त्यामुळे तुमच्यातल्या लहानांनी मला पाहिलंही नसेल, आणि मोठे पाहून विसरलेही असतील.

मला जन्मापासून एक खोड आहे. मी फार चौकस. त्यात नशीब असं, की लिहायचं मी आणि काय लिहिलं ते मलाच ठाऊक नाही. गाणं असो, फोटो असो, माझ्या वाट्याला नुसते ठिपके. इथे जाळ, इथे सोड, पुन्हा जाळ. तीच चकती कुणी परत लावली, स्पीकरमधून आवाज निघाला, की मग मला कळणार आपण काय लिहून ठेवलंय ते. तोवर जीव टांगणीला.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. पांढरे मोजे घातलेल्या एका बाईने माझं भिंग पुसलं, मला उलटंपालटं करून पाहिलं आणि शेजारणीला काहीतरी सांगून ती हसली. ती कशाला हसली, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मग खोका, मग अंधार, मग दुकान.

दुकानात येणारी माणसं एकच प्रश्न विचारायची. सगळ्यात फास्ट कुठला? दुकानदार एका चकचकीत भावाकडे बोट दाखवायचा आणि तो भाऊ विकला जायचा. मी आपला मागच्या फळीवर. सगळ्यांना एवढी घाई कसली असते याचा विचार करायला मला भरपूर वेळ मिळाला.

मग एक दिवस एक बापलेक आले. बापाच्या बोटांना कशाची तरी पांढरी पापुद्री चिकटलेली होती, आणि काउंटरवरचं माहितीपत्रक हातात घेतल्याबरोबर त्याने त्याची घडी उलगडून कागद दोन बोटांत चोळून पाहिला. तो पुस्तकं बांधायचा, बाइंडर होता. लेक कॉलेज संपवून नुकतीच कामाला लागलेली. ती दुकानदाराच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तिला ऐकू येत नव्हतं, ती ओठ वाचायची. बोलायची मात्र स्वच्छ, फक्त आवाज एकाच उंचीवरून चालायचा.

"घरच्या कॉम्प्युटरला हवाय," बाप म्हणाला. "हळू लिहिणारा दाखवा."

दुकानदाराला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "हळू? अहो साहेब, लोक फास्ट मागतात. हा बघा, चहा होईपर्यंत चकती तयार."

"घाईघाईत शिवलेलं पुस्तक मधूनच सुटतं. मला टिकणारं काम हवंय."

दुकानदाराने डोक्याला हात लावला, पण माणूस भला होता. त्याने तिघांना मांडलं. एक तो चकचकीत भाऊ, एक बाहेरून वायरने जोडायचा पातळसा, डब्याच्या झाकणाएवढा, आणि तिसरा मी. मग लेक म्हणाली, "चालू करून दाखवा ना." त्याने काउंटरवरच्या कॉम्प्युटरला आम्हाला एकेक करून जोडलं, चकती घातली, आणि ती फिरायला लागल्यावर मुलीने तळहात आमच्या पाठीवर ठेवला. पातळ्याखाली टेबल माशीसारखं गुणगुणत होतं. चकचकीत भाऊ तर मध्येच अंग झाडायचा. माझ्यावर ठेवलेला हात तिने उचललाच नाही, बापाकडे बघून म्हणाली, "हा."

"हातावरून काय कळणार, ताई?" दुकानदार हसला.

"तिला कळतं," बाप म्हणाला. "सुरीची धार मी बोटानेच बघतो. तसंच आहे ते."

अशी माझी निवड झाली. दुकानदाराने कोऱ्या चकत्या दिल्या, बोटं कशी लावायची, उन्हात का ठेवायच्या नाहीत, सगळं समजावलं. पण पुढे जे झालं ते होऊ शकतं, हे त्याच्या स्वप्नातसुद्धा आलं नसेल, म्हणून त्याने त्याबद्दल सावध केलं नाही. मी त्याला दोष देत नाही.

घर लहानसंच. पुढच्या खोलीत बाइंडरचं काम: पुस्तकं दाबून ठेवायचा शिकंजा, पुठ्ठ्यांची चळत, रंगीत लाटांचे अबरी कागद, आणि पातेल्यात मैद्याची खळ. मागच्या खोलीत कॉम्प्युटर. त्याच्यात गेल्या गेल्या मला कळलं, की या घरालाही एक घाई होती. शेजारीच बसणारी हार्ड डिस्क, जिच्यात घरातलं सगळं साठवलेलं असतं, ती टिकटिक करत होती. चांगल्या डिस्कने टिकटिक करायची नसते. मी विचारलं तर म्हणाली, "थकलेय रे. लवकर उतरवून घे म्हणावं."

उतरवून घ्यायचं ते बाइंडरच्या बायकोचं होतं. ती ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिक्षिका. शाळेत तिला सगळे बाई म्हणत, आणि घरात नवरासुद्धा चिडवायला बाईच म्हणायचा. मूल दोनदोन वर्षं तिच्यासमोर बसायचं, तिचे ओठ बघायचं, तिच्या गळ्यावर हात ठेवून आवाजाची थरथर बोटांनी ओळखायचं, आणि मग कधीतरी त्याच्या तोंडून पहिला शब्द निघायचा. तो शब्द बाई टेप करून ठेवायच्या. शाळेला नव्या कॅसेटी परवडायच्या नाहीत, म्हणून शब्द कॉम्प्युटरवर घेतला की त्याच कॅसेटवर पुढचं मूल. म्हणजे बाईंच्या साऱ्या नोकरीची कमाई त्या टिकटिकणाऱ्या डिस्कमध्ये होती, आणि दुसरीकडे कुठेच नव्हती.

"एका मुलाची एक चकती," बाईंनी ठरवलं. "मोठं झालं की ज्याचं त्याला देता येईल." चकतीवर शब्द, शब्दाआधीची सारी धडपड आणि शाळेतले फोटो.

आम्ही लिहायला बसलो. लेक कॉम्प्युटरवर, तिचा एक हात माझ्यावर. काम संपलं की बाई चकती एकदा लावून ऐकायच्या आणि मला तेवढ्यात काय ते कळायचं. एका मुलाचा पहिला शब्द होता "बस". एकाचा "माझं". एका मुलीचा "नको". तिची आई तो ऐकून आनंदाने रडली होती, असं बाईंनी सांगितलं, आणि आठवड्याने तीच आई तक्रार घेऊन आली की ही आता दुसरं काही म्हणतच नाही. मला त्या मुलांना एकदा बघायचं होतं. एवढ्याशा शब्दाला दोन वर्षं लागतात तर तो तोंडात असताना कसा लागत असेल, हे विचारायचं होतं.

आता बाइंडरचं ऐका. त्याला त्या उघड्याबोडक्या चकत्या बघवेनात. "मुलांना द्यायच्या ना? मग अशा काय द्यायच्या? पुस्तकाला कव्हर नको?" त्याने अबरी कागद गोल कापले, मधलं भोक बरोबर पाडलं, प्रत्येकावर मुलाचं नाव वळणदार अक्षरात लिहिलं आणि खळ लावून चकत्यांच्या वरच्या बाजूला चिकटवले. रात्रभर शिकंजात दाबून ठेवले. काम इतकं देखणं झालं, की बाईंनी शेजारणीला बोलावून दाखवलं. लेक म्हणाली, "बाबा, दुकानात ठेवाल तर रांग लागेल." तो नुसता मिशीत हसला.

एक चकती त्याने बाजूला ठेवली होती. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

थोड्याच दिवसांनी हार्ड डिस्कने राम म्हटला. सकाळी बटण दाबलं, तिने दोनदा टिकटिक केली आणि संपलं. दुरुस्तीवाला येऊन बघून गेला. यातलं आता काही निघायचं नाही, म्हणाला, आणि नवी डिस्क बसवून गेला. घरात कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. सगळं चकत्यांवर होतं ना. बाई म्हणाल्या, "चला, लावा परत एकेक."

पहिली चकती ट्रेवर आली. मी आत घेतली, फिरवायला लागलो आणि हादरलो. ती सपाट नव्हतीच. कागद वाळताना आवळला होता आणि त्याने चकती बशीसारखी वाकवली होती. वर त्या कागदाचं वजन, तेही एका बाजूला जास्त. फिरताना ती अशी डोलायची की माझा उजेड तिच्यावर टिकेना. लिहिलेलं माझंच, पण मला वाचता येईना. लेकीने माझ्यावरचा हात चटकन उचलला.

"आई, थरथरतोय हा. कधीच असा थरथरत नाही."

दुसरी लावली, तिसरी लावली. तेच. स्पीकर मुके. बाइंडर दारात उभा होता, खळीचा ब्रश हातात तसाच. बाईंनी एक चकती डोळ्यांसमोर आडवी धरली आणि तिचा बाक बघितला.

"अहो," त्या म्हणाल्या, अगदी हळू, "काय केलंत हे?"

मी ज्या माणसांत राहिलो ती माणसं ओरडायची नाहीत. बाई खुर्चीत बसल्या. त्यांचा सारा जन्म त्या टेबलावर गोल गोल पडला होता, नावं घातलेला, आणि मुका.

बाइंडरचा हात सवयीने चकती चाचपत होता. "पुठ्ठ्याला एकाच बाजूने कागद लावला की तो असाच ओढून घेतो," तो पुटपुटला. "मला कळायला हवं होतं. दुसऱ्या बाजूलाही लावला असता तर वाकली नसती."

"बाबा," लेक म्हणाली, "दुसऱ्या बाजूनेच तर हा वाचतो."

कुणालाच हसू आलं नाही. मला आलं असतं, पण वेळ बरी नव्हती.

मग तो एकदम उठला. "खळ आहे ना," म्हणाला. "सरस नाही, डिंक नाही. मैदा आहे. भिजली की सोडते." जुनी पुस्तकं सोडवायला तो असंच करायचा: ओलं फडकं ठेवायचं, वाट बघायची, ओढायचं नाही. परातीत कोमट पाणी घेतलं. लेकीने एक चकती सोडली. तिघंही परातीवर वाकून बसली. बाई मध्येच बोट घालायला गेल्या तर नवरा म्हणाला, "ओढू नका बाई, ती आपण होऊन सोडेल." थोड्या वेळाने अबरी कागद पानासारखा वर तरंगला, मुलाच्या नावासकट. चकती पुसली, दोन काचांमध्ये ठेवून सरळ होऊ दिली, मग माझ्याकडे आली.

मी जीव तोडून वाचलं, एवढंच सांगतो. कडेला जरा अडखळलो, मागे गेलो, पुन्हा पुढे आलो. आणि स्पीकरमधून शाळेतल्या पंख्याची घरघर आली, बाईंचा तरुण आवाज आला, "माझ्याकडे बघ, ओठ बघ," आणि एका पोराने सांगितलं, "बस."

बाई त्या वेळी रडल्या. तीन दिवस परात हलली नाही. एकेक मूल परत आलं. वाळलेले अबरी कागद बाइंडरने दोरीवर टांगले होते, ते नंतर त्याने लिफाफ्यांवर चिकटवले आणि चकत्या त्यांत ठेवल्या.

सगळ्यात शेवटी त्याने बाजूला ठेवलेली चकती आणली.

ती त्याच्या लेकीची. बाईंची पहिली विद्यार्थिनी तीच. मुलीला ऐकू येत नाही हे कळल्यावर तर बाई शिकून शिक्षिका झाल्या होत्या. चार वर्षांची असताना तिने पहिला शब्द काढला. बाई महिनोन् महिने "आई" आणि "बाबा" घोकून घेत होत्या, आणि पोरगी एक दिवस टेपसमोर बसून म्हणाली, "पुठ्ठा." बापाच्या कामाच्या खोलीत लहानाची मोठी झालेली, दुसरं काय म्हणणार? बाईंना तेव्हा जरा रागच आला होता. बाप मात्र पुढे कित्येक वर्षं, कंटाळा आला की, ती टेप लावून ऐकायचा; ती झिजायला लागली तेव्हा शब्द कॉम्प्युटरवर घेतला आणि कॅसेट शाळेच्या कामी गेली.

तर त्या चकतीला अबरी कागद कसा पुरणार? तिला त्याने चामडं लावलं होतं. पातळ तासून, सरसाने. आणि त्यावर सोनेरी वर्खात लेकीचं नाव, चुलीवर तापवलेल्या ठशांनी, एकेक अक्षर दाबून. त्याच्या हातचं ते सगळ्यात सुंदर काम असेल.

मी ती आत घेतली आणि ती माझ्या घशातच अडकली. ट्रे पुढे येईना, मागे जाईना. लेकीने माझ्या तोंडावरच्या बारीक भोकात बापाचं दाभण घालून मला उघडलं. चकती बाहेर आली. खालून बघितली तर प्रत्येक अक्षराच्या जागी खळगा. चामडं भिजवून काढलं, काचेखाली ठेवली, मी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. ठशांच्या आचेने आतलं सगळं विस्कटलं होतं. तिथे ठिपकेच उरले नव्हते, मी वाचणार काय?

सगळ्यांच्या पोरांचे आवाज परत आले होते, आणि ज्याच्यावर त्याने सगळ्यात जास्त जीव लावला तो गेला होता.

बाइंडर दोन दिवस कामाला बसला नाही. पातेल्यातली खळ आंबली. बाई म्हणाल्या, "अहो, जाऊ द्या आता," पण त्यांनाही घास जात नव्हता. शेवटी लेक त्याला हाताला धरून मागच्या खोलीत घेऊन आली, माझ्यासमोर बसवलं.

"बाबा, मी तर ते कधी ऐकलंच नाहीये. माझं काय गेलं?"

"तुझं नाही गं," तो म्हणाला. "माझं गेलं."

मग तिने टेबलावरचा माइक पुढे ओढला. "थांबा. मी परत म्हणते. पुठ्ठा. घ्या."

स्वच्छ शब्द. बाईंची सगळी मेहनत त्यात दिसत होती. त्याने मान हलवली.

"असं नव्हतं."

"मग कसं होतं?"

"ते तुझं तेव्हाचं होतं. आता कसं येईल?"

"कसं होतं ते सांगा तरी. आईने नुसतं सांगितलं, मी पुठ्ठा म्हणाले. कसं म्हणाले ते कुणी मला सांगितलंच नाही."

त्याने बायकोकडे बघितलं. बाईंनी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. म्हातारा होत आलेला तो माणूस लाजला, मिशी पुसली, आणि मग लहान मूल श्वास घेतं तसा श्वास घेतला. ओठ गच्च मिटले, फार वेळ मिटलेले ठेवले, आणि एकदम सोडले. "पु." मग मध्येच थांबला, जणू पुढचं कुठे ठेवलंय ते आठवेना. मग, स्वतःलाच नवल वाटल्यासारखं, "ता."

लेक पुढे सरकली. तिने त्याच्या गळ्यावर बोटं ठेवली. "परत."

"पु... ता."

"परत."

तो म्हणत राहिला. ती ओठ बघत होती, गळा चाचपत होती, आणि मग त्याच्याबरोबर तिचेही ओठ मिटायला लागले. तसेच गच्च, तितकाच वेळ. ती म्हणाली, "पु... ता."

बाइंडरने तोंडावर हात धरला. "हेच," बाई म्हणाल्या. "हेच होतं ते." जन्मभर एकही चुकीचा उच्चार खपवून न घेणाऱ्या बाईंनी तिला सुधारलं नाही.

लेकीने ते दोघांचं म्हणणं लगेच माझ्याकडे दिलं. मी हळू लिहिलं, मला येतं तितकं हळू. त्या दिवशी मला चौकशी करावी लागली नाही. काय लिहितोय ते मला माहीत होतं.

आता तो कॉम्प्युटर बंद असतो. घरात दुसरा आला आहे, त्याला आमच्यासारख्यांसाठी जागा नाही. चकत्या ज्याच्या त्याला वाटून झाल्या. हा जुना डबा आता भंगारात द्यायला हवा, असं अलीकडे बोललं जातं, आणि ते रास्तच आहे. मी अडगळ आहे, ट्रे सरकवणारा माझा पट्टा सैल झाला आहे. माझी काही तक्रार नाही. एवढंच सांगायचं आहे की ती शेवटची चकती त्या दिवसापासून माझ्यातच आहे. कधीही लावून ऐकता यावी म्हणून कुणी काढलीच नाही, आणि नंतर सगळे विसरले. तो आवाज दुसरीकडे उतरवून घेतलाय म्हणतात. असेलही. तरी भंगारवाला दारात आला तर मला उचलून देण्याआधी तेवढं दाभण आणा आणि माझा ट्रे उघडा. आत दोघं आहेत.